गांडूळ हे जनावर आहे

घरगुती गांडूळखताच्या प्लास्टिकच्या डब्याला खाली एक तोटी असते आणि डबा विकणाऱ्याचे निम्मे बोलणे त्या तोटीभोवती फिरते. वरून सालपटे टाका, खालून द्रवरूप खत काढून घ्या. हिशेब ऐकणाऱ्याला लगेच पटतो, कारण यंत्रांची आपल्याला सवय आहे. एका बाजूने माल घातला की दुसऱ्या बाजूने वस्तू मिळावी ही अपेक्षा अंगवळणी पडली आहे. माझा आक्षेप या हिशेबालाच आहे. डब्यात जनावरे असतात आणि नागपुरात हे विसरणाऱ्याला एप्रिल महिना त्याची आठवण करून देतो. घरी गांडूळखत करणे हे कचऱ्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा पशुपालनाच्या अधिक जवळचे काम आहे. पशुपालन म्हणून केले तर खत चांगले होते आणि त्या तोटीतून येणाऱ्या पाण्याला किती भाव द्यायचा हेही समजते.

आधी जनावराची ओळख करून घेऊ. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओल्या त्वचेतून श्वास घेते. त्वचा सुकली की ते गुदमरते आणि डब्यात पाणी साचून हवा कोंडली तरी गुदमरते. म्हणून डब्यातले अंथरूण पिळलेल्या फडक्याइतके ओले लागते, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. त्याला उजेड सोसत नाही. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा त्यात घरातल्या कुंड्यांमधल्या गांडुळांवर केलेले प्रयोगही होते. बासरीच्या जातीचे मोठे वाद्य त्यांच्यासमोर वाजवले तरी ती ढिम्म हलत नव्हती. मात्र कुंडी पियानोवर ठेवून एक पट्टी दाबली की बिळात शिरत होती. ऐकू येत नाही, पण कंप कळतो. (तेव्हा डबा कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवणाऱ्यांनी जागा बदललेली बरी.) इंग्लंडात एका एकरावर गांडुळे वर्षाला 10 टनांहून अधिक माती वर आणून टाकतात असा हिशेबही डार्विनने त्याच पुस्तकात मांडला होता. पण ती शेतातली, बिळे करणारी गांडुळे. डब्यात वाढतात ती वेगळी. ती मातीत खोल जात नाहीत, पाचोळ्याच्या आणि शेणाच्या थरात वरच्यावर राहतात. आपल्याकडे तीन जाती जास्त चालतात: मूळ युरोपातली लाल आयसेनिया फेटिडा, पश्चिम आफ्रिकेतून आलेली लांबलचक युड्रिलस युजेनी आणि आपल्या उपखंडातली पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस.

आता या जनावरांना नागपुरात आणून ठेवा. आयसेनियाला 15 ते 25 अंश तापमान मानवते. 35 च्या पुढे ती तग धरत नाही. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि डिसेंबर 2018 च्या अखेरीस तो 3.5 पर्यंत उतरला होता. युड्रिलसला उष्णता थोडी अधिक सोसते, पण थंडी बाधते. पेरिओनिक्स या हवेला त्यातल्या त्यात बरी. तरीही जात बदलून मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा टळत नाही. गच्चीवर, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात कुठलेही गांडूळ जगणार नाही. ‘आमच्या हवेत गांडूळखत होत नाही’ हा निष्कर्ष अनेकदा अशाच डब्यावरून निघतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचे कारण याच हवेत दडले आहे. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो. हवेत ओल नसली की पाण्याचे बाष्पीभवन जोरात होते आणि बाष्पीभवन उष्णता ओढून घेते. माठातले पाणी आणि घरातला कूलर याच नियमावर चालतात. प्लास्टिकच्या डब्याला हा नियम लागू होत नाही, कारण त्याच्या भिंतीतून पाणी झिरपत नाही. रंग न दिलेली, सच्छिद्र मातीची मोठी कुंडी घरातल्या सावलीच्या बाजूला ठेवली, तिच्यावर ओला बारदाना टाकला आणि कूलरच्या हवेचा झोत तिला लागू दिला, तर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ खाली राहते. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती निकामी होते. पण तोवर पारा उतरलेला असतो आणि तिची गरजही उरत नाही. कूलरचे जुने लाकडी गवत दरवर्षी घरोघर फेकले जाते, तेही कामाचे आहे. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यावर साचलेले असतात, ते दोन-तीनदा धुऊन काढावे, मग कुंडीत अंथरायला याच्याइतके सोयीचे काही शोधून सापडणार नाही.

चाऱ्याचेही तसेच आहे. निरोगी गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मे खाते. पाव किलो गांडुळे विकत आणली तर त्यांची रोजची भूक सव्वाशे ग्रॅम, आणि चौघांच्या घरात ओला कचरा निघतो अर्धा किलोच्या आसपास. पहिल्या दिवसापासून सगळा कचरा डब्यात ओतला की खाण्यापेक्षा सडण्याचा वेग वाढतो, सडताना उष्णता निघते, वास सुटतो, चिलटे येतात आणि घरातली मंडळी डबा बाहेर काढा म्हणतात. गांडुळांची संख्या दोन-तीन महिन्यांत आपसूक वाढते. तोवर उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीत टाकावा, त्यात काही पाप नाही. काय घालावे याचे उत्तरही स्थानिक आहे. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, पालकाची देठे, केळीची साले, चहाचा चोथा, फुलांचे निर्माल्य हे सगळे चालते. सावजी रश्श्याचा गाळ, तर्रीचे तेल, लोणच्याचा खार हे गांडुळाच्या उघड्या त्वचेला सोसत नाही. संत्र्याच्या सालांचा प्रश्न मात्र या शहरापुरता खराच आहे. अंबिया बहाराची फळे बाजारात आली की घरोघरी सालांचा ढीग पडतो आणि ताज्या सालीत लिमोनिन नावाचे तेल असते, जे गांडुळांना विषासारखे आहे. सालांवर बंदी घालायची गरज नाही. त्या उन्हात खडखडीत वाळवून, चुरून, थोड्या थोड्या द्याव्यात. तेल बरेचसे उडून गेलेले असते.

इथे विदर्भातला जाणकार वाचक एक रास्त प्रश्न विचारेल. इतकी मिजास सांभाळायची कशाला? आपल्याकडे नाडेप आहेच की! यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, घडवलेली ही पद्धत देशभर गेली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी झरोके, आत काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर, वरून शेणमातीचा लेप. तीन-चार महिन्यांत खत तयार. गांडुळे पाळायला नकोत, नवतप्याची भीती नको. जंतू आपले काम करतात. ही पद्धत मला गांडूळखतापेक्षा कुठल्याही अर्थाने कमी वाटत नाही. पण तिची अट पाहा. त्या टाक्यात दीड टनाच्या आसपास काडीकचरा लागतो आणि टाके एक-दोन दिवसांत भरून लिंपायचे असते. ज्याच्या शेतात पऱ्हाटी आणि तुराटीचे ढीग आहेत त्याला हे जमते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कचरा रोज ओंजळ-ओंजळ येतो, दीड टन व्हायला आठ वर्षे लागतील. लहान ढीग गरमही होत नाही. उष्णता धरून ठेवायला ढिगाला आकार लागतो, आणि गरम न झालेला ओला ढीग नुसता आंबतो. रोज थोडे थोडे येणाऱ्या अन्नाला रोज थोडे थोडे खाणारे तोंड लागते. दावणीला गाय बांधणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वर्षाचा कडबा तिच्यापुढे एकदम टाकता येत नाही, पण रोजची पेंढी ती रोज संपवते. म्हणून माझे मत असे, की एका घरासाठी गांडूळ आणि मोठ्या सोसायटीसाठी नाडेपसारखे टाके. या दोहोंत भांडण लावायचे कारण नाही.

आता त्या तोटीकडे वळू. तिच्यातून येणाऱ्या पाण्याला सरसकट व्हर्मिवॉश म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच वाढतो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या प्रकारचे पाणी एकाच नावाखाली खपते. पहिले निचऱ्याचे. ओल्या सालपटांत पाणीच जास्त असते. ती कुजताना ते सुटते, अर्धवट कुजलेल्या थरांमधून ओघळते आणि तळाला साचते. त्यात काही पोषक द्रव्ये असतात हे खरे, पण हवा न मिळालेल्या सडण्याची आम्लेही असतात आणि रोगजंतू असण्याची शक्यताही असते. आंबूस वासाचे असे पाणी गडद दिसते म्हणून कसदार समजून कुंडीत ओतले तर कोवळी मुळे जळू शकतात, आणि पालेभाजीवर तर ते फवारूच नये. दुसरे पाणी खऱ्या अर्थाने व्हर्मिवॉश. चेन्नईचे डॉ. सुलतान अहमद इस्माईल यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीत पिंपाच्या तळाशी विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू, त्यावर पोयट्याची माती, मातीत वरच्या थरातली आणि खोल जाणारी अशी दोन्ही प्रकारची गांडुळे आणि सगळ्यात वर शेण-गवताचा थर असतो. वर टांगलेल्या भांड्यातून पाणी रात्रभर थेंब थेंब पडते, गांडुळांच्या बिळांतून आणि विष्ठेतून धुऊन निघते व सकाळी खाली मिळते. ते दहापट पाण्यात मिसळून वापरतात. यात स्वयंपाकघरातला सडता कचरा येतच नाही, हा मुख्य फरक. तिसरे सगळ्यात सोपे आणि माझ्या मते घरासाठी सगळ्यात शहाणपणाचे: पूर्ण तयार झालेले, मातीचा वास येणारे खत मूठभर घ्यायचे, दहापट पाण्यात घालून ढवळायचे, गाळायचे आणि त्याच दिवशी झाडांना घालायचे. त्यात गूळ टाकून दोन दिवस ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. गुळावर चांगले जंतू वाढतात तसे वाईटही वाढतात. घरात तपासायची सोय नसताना हा जुगार कशाला?

या दृष्टीने पाहिले तर तोटीतून भरपूर पाणी येणे ही अभिमानाची गोष्ट राहत नाही. ते जास्त चाऱ्याचे किंवा कमी अंथरुणाचे लक्षण असते. नीट चाललेल्या कुंडीतून एप्रिल-मेमध्ये थेंबही येत नाही, आणि पावसाळ्यात येऊ लागला तर सुका पाचोळा वाढवणे हा त्यावरचा उपाय आहे. बाटल्या भरणे हा उपाय नव्हे. निचऱ्याचे हे पाणी फेकून द्यायचे नसेल तर पुष्कळ पाण्यात मिसळून मोठ्या झाडाला, बुंध्यापासून दूर ओतावे. जनावर पाळणारा माणूस त्याची विष्ठा पाहून तब्येत ओळखतो. डबा चालवणाऱ्यानेही तोटीतल्या पाण्याचा तेवढाच उपयोग करावा.

मग खताचा उपयोग किती? इथे गांडूळखताच्या कैवाऱ्यांनी फार उधळमाधळ केली आहे. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलोंहून जास्त. चांगल्या गांडूळखतात नत्र साधारण 1 ते 2 टक्के, म्हणजे तितक्याच वजनात अर्धा ते एक किलो. दहापट पातळ केलेल्या पाण्यात तर त्याचाही अंश. नुसत्या नत्राच्या तराजूत तोलले तर गांडूळ हरणारच, आणि त्याला त्या तराजूत घालणारे त्याचे मित्र नव्हेत. त्याचे बळ दुसरीकडे आहे. सेंद्रिय कर्ब, पाणी धरून ठेवण्याची ताकद, जंतूंची वस्ती, आणि मुळांच्या वाढीला चालना देणारी ह्युमिक द्रव्ये. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स, नॉर्मन अरँकॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडीतल्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: मिश्रणात 10 ते 40 टक्के गांडूळखत असताना रोपे उत्तम वाढतात, त्यापुढे वाढ खुंटू लागते. म्हणजे जास्त घातले की जास्त मिळते हा यंत्राचा हिशेब इथेही लागू पडत नाही. नागपूरच्या कुंड्यांत बहुधा काळी चिकण माती असते, जी पाणी दिल्यावर लिबलिबीत होते आणि सुकल्यावर भेगाळते. तिच्यात पाचवा हिस्सा गांडूळखत मिसळले तर ती मोकळी होते आणि उन्हाळ्यात पाणी जास्त वेळ धरते. या शहरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण विभागाचे मुख्यालय आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत, नीरी आहे. मातीबद्दल इतके ज्ञान एका गावात एकवटलेले असताना गच्चीवरच्या बागा मात्र बाटल्यांवरच्या चिकटचिठ्ठ्या वाचून चालतात, हे मला जरा विचित्र वाटते.

सगळ्यात धारदार आक्षेप विदर्भातूनच आला आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, गांडूळखताचे कडवे विरोधक आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आयसेनिया फेटिडा हे खरे गांडूळ नव्हेच, ते परदेशी आहे, मातीत बिळे करत नाही, जड धातू जमवते, जमिनीचे खरे मित्र देशी गांडूळ, आणि ते शेण-गोमूत्राच्या जीवामृताने व आच्छादनाने आपोआप वर येते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पहिला मुद्दा टिकत नाही, आयसेनिया हे गांडूळच आहे. जड धातूंचा मुद्दा अर्धा खरा आहे. गांडूळ आपल्या शरीरात धातू साठवते, पण ते निर्माण करत नाही. डब्यात बॅटरी आणि रंगीत छपाईचे गुळगुळीत कागद गेले नाहीत तर भाजीच्या देठांतून जड धातू येणार कुठून? बिळांबद्दल मात्र पाळेकर बरोबर आहेत. डब्यातले गांडूळ शेतात सोडून जमीन भुसभुशीत होईल ही आशा फोल आहे. मेमध्ये काळी जमीन भेगाळते तेव्हा देशी गांडुळे खोल जाऊन निपचित पडतात. वरच्या थरातल्या आयसेनियाला ती विद्या येत नाही. खत करताना कचऱ्यातला मोठा हिस्सा कर्ब हवेत निघून जातो हेही खरे, आणि म्हणून शेतकऱ्याने पाचोळा शेतातच अंथरावा यात तथ्य आहे. पण हा सगळा युक्तिवाद शेताचा आहे. ज्याच्याकडे बारा कुंड्या आणि एक बाल्कनी आहे त्याने खरकट्याचे आच्छादन कुठे करायचे? पाळेकरांचा विरोध शेतातल्या वापराची मर्यादा दाखवतो. घरातल्या कुंडीचे उत्तर त्यात नाही.

उरला शहराचा प्रश्न. नागपुरात रोज हजार टनांहून जास्त कचरा निघतो आणि तो पूर्वेकडे भांडेवाडीला जातो, जिथे उन्हाळ्यात आगी लागतात आणि आसपासच्या वस्त्या धूर गिळतात. घरोघरच्या कुंड्यांनी हे थांबेल का? नाही. दहा हजार घरांनी रोज अर्धा किलो जिरवला तरी तो पाच टन होतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची सक्ती केली आणि मोठ्या निर्मात्यांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. खरा फरक तिथल्या अंमलबजावणीने पडेल. महापालिकेचे काम नागरिकाच्या बाल्कनीवर ढकलायला गांडुळांचा वापर होऊ नये. त्याहून घरातली गोष्ट अशी, की ‘आमच्याकडे गांडूळखत करतो’ असे सांगणारा आणि रोज देठे चिरून टाकणारी, ओल तपासणारी, चिलटांचा त्रास सोसणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच नसते. जनावर पाळायचा निर्णय घरातल्या पुरुषाचा आणि चारा-पाणी बाईचे, ही विभागणी गोठ्यातून बाल्कनीत जशीच्या तशी आणण्याचे काही कारण नाही. तरीही एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या जनावराच्या तोंडी प्लास्टिक जाऊ नये म्हणून माणूस जितक्या काळजीने कचरा वेगळा करतो, तितक्या काळजीने तो नियमाच्या धाकाने करत नाही. कुंडी असलेल्या घराचा सुका कचराही कोरडा आणि स्वच्छ निघतो, आणि तो उचलणाऱ्या, निवडणाऱ्या हातांना हा फरक कळतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ऑक्टोबरची तलखी ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावी. मातीची कुंडी घ्यावी, पाव किलो गांडुळे आणावीत, शक्यतो गरम हवा सोसणाऱ्या जातीची आणि विदर्भातच वाढलेली. पहिले दोन महिने थोडेच खायला घालावे. होळीपर्यंत त्यांची संख्या वाढते आणि तुम्हालाही ओल हाताने कळू लागते, मग उन्हाळा दोघांनाही जड जात नाही. मे महिन्यात मात्र कोणी फुकट गांडुळे दिली तरी नवी कुंडी मांडू नये.